स्ट्रेटनिंग खरंच ‘तात्पुरतं’ आहे का? कुरळे केस न गमावता सरळ करायची पद्धत

२०१७ च्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. आठवडाभर आधी मी पार्लरमध्ये जाऊन विचारलं, “चार दिवसांपुरते केस सरळ करून मिळतील का?” उत्तर आलं, “स्मूदनिंग करा ना, तीन-चार महिन्यांत आपोआप जातं.” मी खुर्चीत बसले. लग्न झालं, फोटो छान आले, पावसाळा सरला, दिवाळी आली. अभ्यंगस्नानानंतर आरशासमोर उभी राहिले तर मुळांपासून चार बोटं माझे नेहमीचे कुरळे केस होते आणि त्याखाली सुतळीसारखे सरळसोट. चार महिन्यांत जाणार होतं ते गेलं नव्हतं, आणि जाणारही नव्हतं. ते डोक्यावरून पूर्ण उतरायला मला दोन वर्षं लागली, तीही कात्रीने.

त्यानंतर मी या विषयाचा बराच अभ्यास केला. आता मी वर्षातून दोन-तीनदा केस सरळ करते आणि पुढच्या धुण्याला ते जसेच्या तसे कुरळे होतात. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी, विशेषतः दहावी-बारावीनंतर “सुट्टीत स्ट्रेटनिंग करून देऊ” असं ज्यांच्या घरी ठरतंय त्यांच्यासाठी, सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी ‘नैसर्गिक केस’ म्हणजे काय ते समजून घ्या

खळ घालून इस्त्री केलेली सुती साडी आठवा. निऱ्या कशा कडक बसतात! पण पाण्याचे शिंतोडे उडाले की तेवढी जागा पुन्हा चुरगळते. कापड बदललेलं नसतं, इस्त्रीने त्याला तेवढ्यापुरतं बसवलेलं असतं. केसांचंही तसंच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि या प्रथिनाचे धागे एकमेकांना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. पहिले हायड्रोजन बंध. ते कच्चे असतात. पाणी लागलं की सुटतात, वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी लाटा पडलेल्या दिसतात, त्या यांच्यामुळेच. ड्रायर आणि स्ट्रेटनरही याच बंधांवर काम करतात.

दुसरे गंधकाचे बंध, म्हणजे डायसल्फाइड. हे पक्के. केस सरळ, लाटेदार की कुरळा हे टिकवून धरण्याचं काम मुख्यतः यांचं. पाण्याने ते सुटत नाहीत. ते तोडायला रसायन लागतं, आणि तोडून वेगळ्या आकारात जोडले की तो केस तसाच राहतो. साडीच्या भाषेत सांगायचं तर इथे इस्त्री होत नाही, ताणे-बाणे उसवून कापड नव्याने विणलं जातं.

‘नॅचरल हेअर’ हा शब्द आपल्याकडे आला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडून, आणि त्यांनी त्याचा अर्थ फार नेमका ठरवलेला आहे. तिकडे अनेक दशकं रिलॅक्सर नावाचं क्रीम लावून केस कायमचे सरळ करत. त्याच्या एका प्रकारात चक्क कॉस्टिक सोडा असतो, साबण करायला वापरतात तोच. दुसरा जुना मार्ग गरम कंगव्याचा. लोखंडी किंवा पितळी कंगवा शेगडीवर तापवायचा आणि केसांतून फिरवायचा. घाम आला, पाऊस लागला की केस परत आपल्या जागी. म्हणून गरम कंगवा वापरणारीचे केस ‘नॅचरल’ आणि रिलॅक्सरवालीचे नाहीत, अशी त्यांची ढोबळ विभागणी. त्यांच्यासाठी हा फॅशनपुरता प्रश्न नव्हता. केस आहेत तसे ठेवले म्हणून शाळेत आणि नोकरीत त्रास होऊ नये यासाठी कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये ‘क्राउन अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा करावा लागला. पुढे इतर अनेक राज्यांनीही तो केला. वर्गात ‘मॅगी’ आणि ‘साईबाबा’ ऐकत मोठ्या झालेल्या मुलींना हा कायदा का लागला असेल ते वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांची व्याख्या मला आपल्यासाठीही सगळ्यात उपयोगी वाटते: केस ओला केला, काही न लावता वाळू दिला, आणि तो जन्माच्या वळणावर परत आला, तर तो नैसर्गिक. काल त्यावर स्ट्रेटनर फिरवला होता की नाही याने फरक पडत नाही.

मधल्या शंका राहतात. रंगवलेले केस? रंगाचा हेतू वळण बदलण्याचा नसतो, त्यामुळे वळणाच्या दृष्टीने मी त्यांना नैसर्गिकच धरते. पण ब्लीच केलेला केस आतून कमकुवत झालेला असतो, हे पुढच्या पायरीसाठी लक्षात ठेवा. रोजच्या स्ट्रेटनरने भाजून वळण गेलेले केस? एकही रसायन लागलेलं नसलं तरी ते परत येत नाहीत, म्हणून ते नैसर्गिक उरले नाहीत असं माझं मत आहे. यावर वाद घालणाऱ्या मैत्रिणी मला आहेत.

वळणासाठी १ ते ४ आकडे वापरतात तेही माहीत असू द्या. १ सरळ, २ लाटेदार, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट स्प्रिंगसारखे. ही पद्धत ऑप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी रूढ केली. आपल्याकडे ज्यांना ‘फिस्कारलेले’, ‘पिंजारलेले’ म्हणतात त्यातले कितीतरी केस प्रत्यक्षात २ किंवा ३ चे असतात. कोरडेपणी कंगवा फिरवून त्यांचं वळण मोडलेलं असतं, एवढंच.

२. कोणती ट्रीटमेंट कुठल्या गटात बसते ते ओळखा

सगळा घोळ इथे होतो, कारण पार्लरच्या दरपत्रकावर नावं भाराभर असतात आणि ‘टेम्पररी’ हा शब्द कशालाही चिकटवलेला असतो. मी तीन गट करते.

*पाण्याने जाणारं.* ब्लो-ड्राय, स्ट्रेटनर, मोठे रोलर, गरम कंगवा. पुढचं धुणं हीच मुदत. खऱ्या अर्थाने तात्पुरतं एवढंच.

*कापूनच जाणारं.* रीबॉन्डिंग, स्मूदनिंग आणि रिलॅक्सर. पहिल्या दोन्हींत बहुधा थायोग्लायकोलेट जातीचं क्रीम असतं. ते गंधकाचे बंध तोडतं, मग केस इस्त्रीने सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून बंध सरळ अवस्थेत पक्के करतात. स्मूदनिंगमध्ये क्रीम सौम्य आणि निकाल थोडा कमी काटेकोर, पण रसायनशास्त्र तेच. “आपोआप जातं” असं सांगतात त्यात खरं इतकंच की मुळातून नवा केस कुरळा येत राहतो. ज्याला क्रीम लागलं तो केस परत येत नाही.

हे ओळखायची एक साधी खूण आहे: दोन क्रीम. पहिलं लावून ठेवतात, मधेच एक केस काढून बोटाला गुंडाळून ताणून बघतात, धुतात, वाळवून इस्त्री करतात आणि मग दुसरं लावतात. असं वर्णन ऐकलंत तर नाव काहीही असो, ते कायमचं आहे. कुजक्या अंड्यासारखा किंवा अमोनियाचा उग्र वास ही दुसरी खूण.

*मधलं.* केराटिन, ब्राझिलियन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. यात बहुतेकदा एकच द्रावण असतं. ते केसांवर लावून जवळजवळ २३० अंश सेल्सिअसच्या स्ट्रेटनरने आत ‘बसवतात’. साधारण तीन ते पाच महिन्यांत ते ओसरतं असं सांगतात, आणि केसांवरचा थर खरोखरच हळूहळू जातो. पण कुरळ्या केसांसाठी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, इतक्या उष्णतेने वळण कायमचं सैल पडू शकतं. माझ्या सख्ख्या मावसबहिणीचे केस दोनदा केराटिन केल्यावर ३ वरून २ वर आले ते तिथेच राहिले. दोन, त्यात काय असतं ते.

जुन्या केराटिन द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असायचं, काहींत अजूनही असतं. हे रसायन माणसात कर्करोग घडवणारं आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच वर्गीकृत केलं आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने सलूनमध्ये काम करणाऱ्यांसाठी इशारा काढला, कारण बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या मालातूनही तापवल्यावर त्याची वाफ निघत होती. लेबलवर ते मेथिलीन ग्लायकॉल, फॉर्मालिन किंवा मेथनाल अशा नावांनी असू शकतं. ज्या ब्राझीलच्या नावाने ही ट्रीटमेंट जगभर विकली गेली, तिथेसुद्धा केस सरळ करण्यासाठी फॉर्माल्डिहाइड वापरायला मनाई आहे.

मग त्याच्या जागी ग्लायऑक्झिलिक आम्ल आलं. ‘ऑरगॅनिक केराटिन’, ‘बोटॉक्स’ अशा गोंडस नावांमागे हेच असू शकतं. बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतंच. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. २०२० ते २०२२ या काळात तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल होतं. ते त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक तयार झाले, असा त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगातून निष्कर्ष काढला. इस्रायलमधूनही असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर या मधल्या गटाच्या वाटेला जाऊ नका असं मी स्पष्ट सांगते. ज्यांना असं काही नाही त्यांनीही नियमितपणे दर चार महिन्यांनी हे करू नये.

आणखी एक आकडा. अमेरिकेत ३३,४९७ बायकांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेऊन २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरलेल्या बायकांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघालं. यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. घाबरून जाऊ नका, पण ‘दर दोन-तीन महिन्यांनी टच-अप’ ही सवय लावून घेण्याआधी हा आकडा आठवा.

३. आपल्या केसांचा इतिहास लिहून काढा

खांद्याखाली येणारा केस तीन वर्षं जुना असू शकतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टोकाला जे आहे ते तीन दिवाळ्यांपूर्वीचं, आणि तेव्हा काय केलं होतं ते विसरायला होतं. कागदावर लिहा: रंग कधी, ब्लीच कधी, आधी कुठलं स्ट्रेटनिंग, मेंदी कुठली.

मेंदीचं मुद्दाम सांगते. निव्वळ पानांची मेंदी ठीक. पण ‘काळी मेंदी’ किंवा काही मिश्र पुड्यांत धातूंचे क्षार असू शकतात, आणि न्यूट्रलायझरमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची प्रक्रिया होऊन केस तापतो, तुटतो. कॉस्टिकच्या रिलॅक्सरवर थायोग्लायकोलेटचं क्रीम लावल्यावरही केस तुटतो. दोन्ही एकत्र कधीच चालत नाहीत.

मग एक छोटी चाचणी करा. मानेजवळची, वरून न दिसणारी एक बट घ्या. ओली करा, हलके ताणा. थोडी लांबून परत आली तर केस धड आहे. लांबतच जाऊन लिबलिबीत झाली किंवा पटकन तुटली तर सध्या उष्णतासुद्धा नको. धड असेल तर ती बट पूर्ण वाळवून १५० अंशांवर एकदा स्ट्रेटनर फिरवा, दुसऱ्या दिवशी धुवा आणि नुसती वाळू द्या. वळण परत आलं तरच सगळ्या डोक्यावर करा. ही एक बट मला २०१७ मध्ये कोणी करायला सांगितली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

४. पार्लरमध्ये जाताना

सोबत न्या:
- वर लिहिलेला केसांचा इतिहास
- धुऊन काही न लावता वाळवलेल्या केसांचा फोटो, पुढून आणि मागून. हा फार महत्त्वाचा, नंतर तुलनेला दुसरा पुरावा नसतो
- कुठली अ‍ॅलर्जी, दमा किंवा टाळूवर जखम असेल तर त्याची नोंद
- आपला हीट प्रोटेक्टंट (उष्णतेचा धक्का कमी करायला केसांना आधी लावतात तो), तिथला चालत नसेल तर

खुर्चीत बसायच्या आधी विचारा: “ताई, यात क्रीम किती? एक की दोन? बाटली दाखवता का?” घटकांच्या यादीचा फोटो काढा. “कंपनीचं आहे, चांगलं आहे” हे उत्तर नाही. बाटली दाखवायला कोणी नाखूश असेल तर नम्रपणे उठून या. मला पूर्वी याचा संकोच वाटायचा, आता वाटत नाही. पैसे आपले आणि डोकंही आपलं. तुम्हाला फक्त ब्लो-ड्राय आणि आयर्निंग हवं असेल तर नेमके हेच दोन शब्द वापरा. ‘स्ट्रेटनिंग’ म्हटलं की तिथे बहुतेकदा कायमचंच समजतात.

काम चालू असताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला, ताईंनी मास्क लावला आणि तुम्हाला मात्र दिला नाही, तर थांबवा. “थोडं होतं असं” हे मानू नका. आणि त्या ताईंचाही विचार करा. तुम्ही ती वाफ एकदा घेता, त्या मात्र दिवसातून तीनदा घेतात. खिडकी, एक्झॉस्ट नसलेल्या पहिल्या मजल्यावरच्या बंद खोलीत मी केराटिन होताना पाहिलंय, आणि तिथली मुलगी अठरा-एकोणीसची होती.

आणखी एक सापळा म्हणजे फक्त ब्लो-ड्रायला गेल्यावर तिथे बसल्या-बसल्या गळी उतरवलं जाणारं ‘ऑफरमध्ये केराटिन’. त्या क्षणी हो म्हणू नका. घरी या, बाटलीवरची नावं वाचा, मग ठरवा.

५. घरी करायचं असेल तर

साहित्य:
- तापमानाचा आकडा दाखवणारा स्ट्रेटनर. नुसतं चालू-बंद बटण असलेला स्वस्तातला नको, तो किती तापतो ते कळतच नाही
- ड्रायर, पुढे चपटं नोझल लावलेला
- मोठ्या दातांचा कंगवा आणि बारीक दातांचा एक
- शाम्पू, कंडिशनर, हीट प्रोटेक्टंट
- क्लिपा, सहा तरी
- जुना सुती टी-शर्ट

कपड्यांच्या इस्त्रीखाली केस धरणाऱ्या मुली मी हॉस्टेलमध्ये पाहिल्या आहेत. ते अजिबात करू नका. तिचा तळवा किती तापलाय ते कळत नाही आणि कान, मान तिथेच असतात.

आदल्या रात्री खोबरेल लावा. धुण्याआधी खोबरेल लावल्याने केसांतलं प्रथिन कमी निघून जातं, असं मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. त्याच प्रयोगात सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते जमलं नव्हतं. आजीचं न्हाण्याआधीचं तेल इथे बरोबर ठरतं. पण हे तेल शाम्पूने पूर्ण निघालं पाहिजे. तेलकट केसांवर स्ट्रेटनर फिरवणं म्हणजे केस तळणं. “तेल लावलं की केस जळत नाही” हा समज मी अनेकींकडून ऐकलाय आणि त्यातल्या दोघींची टोकं तपकिरी झालेली पाहिली आहेत.

कंडिशनर लावून ओल्या केसांतच, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवा. टी-शर्टने टिपा, चोळू नका. हीट प्रोटेक्टंट सगळीकडे पसरवा. त्यातली सिलिकॉन उष्णता हळू आणि सारखी पोचवतात. ती धक्का कमी करतात, अडवत नाहीत.

आता ड्रायर, मध्यम उष्णतेवर. बट ताणून धरायची आणि हवा मुळाकडून टोकाकडे सोडायची. हे नीट केलं तर निम्मं काम इथेच होतं आणि स्ट्रेटनरला कमी फिरावं लागतं. घाईत मी हीच पायरी उरकायचे आणि मग स्ट्रेटनर चार-चारदा फिरवायचे. नुकसान होतं ते त्या चार फेऱ्यांनी.

केस शंभर टक्के कोरडे झाल्याशिवाय स्ट्रेटनर हातात घेऊ नका. ओलसर केसावर गरम पट्टी टेकली की आतलं पाणी उकळून वाफ होते आणि केसाच्या पोकळीत बुडबुडे धरतात. डॉक्टर याला ‘बबल हेअर’ म्हणतात. तो केस तिथेच ठिसूळ होतो आणि तुटतो. चर्रर्र आवाज आला किंवा वाफ दिसली की लगेच थांबा.

तापमान: बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १३० ते १५०, मध्यम केसांना १५० ते १७०, जाड आणि घट्ट कुरळ्यांना फार तर १८५. स्ट्रेटनरवर २३० चा आकडा आहे म्हणून तो वापरायचा नसतो. बट दोन बोटांपेक्षा रुंद नको. बारीक कंगवा पुढे, त्याच्या मागोमाग स्ट्रेटनर, न थांबता, एकदा. फार तर दुसऱ्यांदा. मानेकडून सुरुवात करा आणि बाकीचे केस क्लिपांत बांधून ठेवा. कमरेपर्यंत दाट केस असतील तर दीड-दोन तास लागतील. त्या दिवशी हळदी-मेंदीची कामं कुणाला तरी सोपवा.

६. टिकवायचं कसं

दमट हवा हा एकच शत्रू. हवेतली वाफही तेच हायड्रोजन बंध सोडवते, म्हणून पुण्यात डिसेंबरमध्ये पाच दिवस टिकणारे केस मुंबईत जुलैमध्ये दादर स्टेशनवर उतरेपर्यंत फुलतात. रत्नागिरी-मालवणकडे लग्न असेल तर मी सरळ करायच्या भानगडीत पडत नाही, अंबाडा आणि गजरा. रात्री केस डोक्याभोवती गोल गुंडाळून वर सॅटिनचा स्कार्फ बांधा, सुती उशीवर ते विस्कटतात. रोज सकाळी पुन्हा स्ट्रेटनर नको. एका धुण्यामागे एकदाच, आणि दोन वेळांमध्ये किमान महिना जाऊ द्या.

७. परत येताना

धुवायच्या दिवशी थोडा धीर धरा. पहिल्या धुण्याला वळण जरा सैल वाटू शकतं. कंडिशनर भरपूर लावा, ओले असतानाच जवसाची जेल लावून केस मुठीत वरच्या दिशेने दाबा आणि वाळू द्या. जेल घरी करता येते: दोन चमचे जवस, दीड कप पाणी, मंद आचेवर अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट होईपर्यंत, आणि गरम असतानाच गाळा. गार झालं की गाळणीतून उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. उरलेल्या जवसाची चटणी मात्र होत नाही, त्यासाठी कोरडे वेगळे भाजा.

मग आधी काढलेल्या फोटोशी तुलना करा. दोन-तीन धुण्यांनंतरही काही बटा सरळच लोंबत असतील, विशेषतः चेहऱ्याजवळच्या, तर तिथे उष्णता जास्त झाली आहे. त्या केसांना प्रोटीन मास्क लावून वळण परत येणार नाही. मास्कने स्पर्श सुधारतो, इतकंच. पुढच्या वेळी वीस अंश कमी करा. बोअरवेलचं जड पाणी असेल तर आधी तेही तपासा. क्षार बसल्यानेही वळण मरगळतं आणि ते महिन्यातून एकदा कीलेटिंग (क्षार काढून टाकणाऱ्या) शाम्पूने सुधारतं. माझी एक मैत्रीण वाघोलीत राहायला गेल्यावर केस ‘जळले’ म्हणून रडत होती, ते बोअरच्या पाण्याचे क्षार निघाले.

८. आणि कायमचं होऊन गेलं असेल तर

माझ्यासारखं फसून झालं असेल तर दोन वाटा आहेत. एक, सरळ भाग एकदम कापून टाकायचा. याला ‘बिग चॉप’ म्हणतात. निदान सहा-सात सेंटिमीटर नवे केस येईपर्यंत थांबलात तर कापल्यावर आकार बरा दिसतो. दुसरी, हळूहळू वाढवत दर दोन महिन्यांनी तीन-चार सेंटिमीटर कापत जायचं. मी ही घेतली, कारण आईला माझे आखूड केस पाहवले नसते.

या काळात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नवा कुरळा आणि जुना सरळ केस जिथे भेटतात ती रेघ. तिथूनच केस तुटतात. कंगवा फक्त ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांत, आणि त्या रेघेपाशी बोटांनी. घट्ट पोनी नको. “मुळं पण सरळ करून टाका, सारखं दिसेल” हा सल्ला सगळ्यात जास्त मिळेल आणि तो ऐकलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर. दोन पोत एकसारखे दिसायला रात्री ओलसर केसांच्या चार-सहा सैल वेण्या घाला आणि सकाळी सोडा. सरळ भागालाही लाटा पडतात आणि ऑफिसला जाण्यापुरतं भागतं. सणावाराला अंबाड्यात खोचायचं.

केस कापायला जाल तेव्हा ते धुऊन, वाळवून, कुरळ्या अवस्थेतच न्या आणि कोरडेच कापायला सांगा. ओले ताणून कापले की वाळल्यावर दोन-तीन बोटं जास्त आखूड होतात, आणि कुठली बट अजून सरळ आहे ते कापणाऱ्याला दिसतही नाही.